फिटरच्या मुलीचं एअर पिस्तूल: परवडणारं पिस्तूल निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. किमती त्या वेळी या कुटुंबाला सांगितल्या गेल्या तशाच, पण गोल आकड्यांत दिल्या आहेत. मी तिथल्या नेमबाजीच्या रेंजवर प्रशिक्षक सरांच्या हाताखाली उपकरणांचं काम बघतो: पिस्तुलांचे हवेचे सिलिंडर भरणं, ट्रिगर तपासणं, टार्गेटच्या मशिनी चालू ठेवणं. त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं.

गौरी २०२३ च्या जूनमध्ये रेंजवर आली तेव्हा आठवीत होती. वडील दत्ताभाऊ साखर कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करते. आमची रेंज म्हणजे एका शाळेच्या जुन्या सभागृहात उभारलेल्या १० मीटरच्या सहा लेन. कोल्हापूरच्या दुधाळीसारखी किंवा पुण्याच्या बालेवाडीसारखी मोठी रेंज डोळ्यांसमोर आणू नका. क्लबची दोन पिस्तुलं आणि ती वापरणारी नऊ मुलं.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १० मीटर एअर पिस्तूल एका हातात धरून, उभं राहून मारायचं असतं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. आम्ही त्याला पेलेटच म्हणतो. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. साठ पेलेट, सहाशे गुण. दुर्बीण चालत नाही, नेम धरायला साध्या उघड्या साइट असतात. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत हवं आणि ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा.

अडचण

पहिल्या सहा महिन्यांत गौरी झपाट्याने वर आली आणि मग ४८० ते ४९० च्या दरम्यान अडकली. पेलेट डावीकडे खाली पडायचे, पण तेही दर वेळी नाही. एखाद्या दिवशी चांगला ग्रुप बसायचा, म्हणजे सगळे पेलेट जवळजवळ पडायचे. दुसऱ्या दिवशी तेच पिस्तूल, तीच लेन, आणि पेलेट आठ-सातच्या पट्ट्यात विखुरलेले.

दत्ताभाऊंचं निदान ठरलेलं होतं: क्लबचं पिस्तूल जुनं आहे, नळी झिजली असणार, मुलीला स्वतःचं घेऊन देऊ. यंत्राजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला दोष यंत्रातच दिसणार. जानेवारीत ते रेंजवर आले आणि सरांना म्हणाले, "सर, चाळीस हजारांपर्यंत जमवतो. कुठलं घेऊ तेवढं सांगा."

सरांनी उत्तर दिलं नाही. क्लबचं पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून मला पाच पेलेट मारायला सांगितले. कागदावर एकच भोक पडलं, सात मिलिमीटरच्या आत. मग एका मोठ्या मुलाने उभं राहून दहा मारले, त्यात सहा वेळा दहा आले. नळीचा प्रश्न तिथेच मिटला.

मग सरांनी गौरीला पिस्तूल धरायला लावलं आणि दत्ताभाऊंना मागून बघायला सांगितलं. लाकडी ग्रिप मोठ्या मापाची होती. तिचा तळहात मुठीच्या मागच्या फुगीर भागावर टेकतच नव्हता, मध्ये पेन्सिल सहज जाईल एवढी पोकळी होती. बोट ट्रिगरपर्यंत पोचावं म्हणून ती सगळा हात उजवीकडे फिरवून धरायची. मग बोटाच्या पेराऐवजी टोकच ट्रिगरवर यायचं आणि दाबताना पिस्तूल डावीकडे ढकललं जायचं. शिवाय आधीच्या मुलाने रिअर साइट, म्हणजे मागची साइट, स्वतःपुरती फिरवून ठेवलेली असायची ती वेगळीच.

पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर असतं. साइटच्या जुळणीत एक मिलिमीटर चूक झाली तर १० मीटरवर ती तीसेक मिलिमीटर होते. पेलेट थेट सातच्या कडेला. हात थोडा डुलला आणि पिस्तूल साइटसकट हललं तर इतकं नुकसान होत नाही, मनगट वळलं की होतं. आणि मनगट वळणार की नाही हे बरंचसं ग्रिप आणि ट्रिगरच ठरवतात. सुरुवातीच्या पिस्तुलात पैसे कुठे घालायचे याचं माझं उत्तर यातूनच येतं. नळी शेवटी बघा. नवशिक्यापेक्षा वाईट मारणारी नळी शोधूनही सापडत नाही.

समोर आलेले पर्याय

दत्ताभाऊंच्या चुलतभावाचं म्हणणं होतं की खेळण्यात पैसे घालण्यापेक्षा एकदाच 'खरं' पिस्तूल घ्यावं, पॉइंट टू टूचं. हा विषय चहाच्या एका कपात संपला. त्याला शस्त्र परवाना लागतो, परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं, काडतुसांचा खर्च आणि मर्यादा वेगळी, आणि मारायला २५ मीटरची रेंज लागते, ती आमच्याकडे नाही. एअर पिस्तुलाचं तसं नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतचं आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेचं हवाई शस्त्र आपल्याकडे परवान्याशिवाय घेता येतं. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा पाच-सात ज्यूलच असते. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, नोंद ठेवतो.

दुसरा पर्याय पाच-सहा हजारांच्या स्प्रिंगच्या पिस्तुलाचा. दुकानदाराने तेच सुचवलं होतं. यात पेलेट नळीतून सुटण्याआधीच जड पिस्टन पुढे धावतो आणि पिस्तूल हातात दोनदा झटका देतं. ट्रिगर लांब आणि खरखरीत. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या पिस्तुलावर ड्राय, म्हणजे पेलेटशिवाय सराव, करता येत नाही. पेलेट न भरता ट्रिगर दाबला की पिस्टन उशीशिवाय आदळतो आणि सील खराब होतं. या खेळातला निम्म्याहून जास्त सराव तर घरी, पेलेटशिवाय, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून होतो. त्याला एक पैसाही लागत नाही. ज्या पिस्तुलावर फुकटचा सराव करता येत नाही ते स्वस्त कसं म्हणायचं?

गॅसच्या छोट्या कॅप्सूलवर चालणारी, खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी मॉडेलंही चुलतभावाने मोबाइलवर दाखवली. गौरीला ती आवडली, सरांनी नकारार्थी मान हलवली. कॅप्सूल संपत आली की दाब उतरतो आणि पेलेट खाली पडायला लागतो. त्यात स्पर्धेची ग्रिपही बसत नाही.

तिसरा पर्याय नवं स्पर्धेचं पिस्तूल. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी, वाल्थर, सगळी युरोपातली. यात हवा सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत आधीच भरलेली असते. झटका जवळजवळ नाही, ट्रिगर काच तुटावी तसा एकदम सुटतो, ड्रायची सोय आतच असते. दीड ते दोन लाख असा आकडा त्यांना सांगण्यात आला. कारखान्याच्या पतसंस्थेतून कर्ज मिळालं असतं, दत्ताभाऊंनी अर्जही आणून ठेवला होता.

चौथा पर्याय वापरलेलं स्पर्धेचं पिस्तूल. हात मोठा झाला, खेळ सुटला, कॉलेजसाठी गाव सोडलं, अशा कारणांनी ती विकायला निघतात.

पाचवा पर्याय कुणाच्याच यादीत नव्हता, तो सरांनी मांडला: पिस्तूल क्लबचंच ठेवा, ग्रिप स्वतःची घ्या.

पहिला निर्णय: नुसती ग्रिप

दत्ताभाऊंना हे पटायला वेळ लागला. चाळीस हजार घेऊन आलेल्या माणसाला लाकडाचा तुकडा घ्यायला सांगितल्यासारखं वाटलं. "आणि उद्या क्लबने पिस्तूल बदललं तर?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, पुढे त्याला महत्त्वही आलं.

क्लबचं पिस्तूल स्टायर एलपी १० होतं. त्याची लहान मापाची उजव्या हाताची वापरलेली ग्रिप पुण्याच्या एका पालकांकडून सहा हजारांत मिळाली. तीही जशीच्या तशी बसली नाही, कुठलीच बसत नाही. गौरीच्या तळहाताला पावडर लावून ग्रिप धरायला लावली. जिथे पावडर उमटली नाही तिथे पोकळी. तिथे एम-सीलचा पातळ थर दिला आणि तो ओला असतानाच, वर प्लास्टिकची पिशवी ठेवून, तिला नेमबाजीच्या पवित्र्यात उभं राहून धरायला सांगितलं. जिथे टोचत होतं तिथे पॉलिश पेपर. हे काम दत्ताभाऊंनी घरी चार रात्री केलं आणि आमच्यापैकी कुणालाही जमलं नसतं इतकं सुबक केलं. नियमातली एकच गोष्ट त्यांना बजावून सांगावी लागली: हाताच्या कडेखालची टेकण ग्रिपशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करून हाताला वर उचलणारी नको आणि ग्रिपने मनगटाला आधार द्यायचा नाही.

दर सत्राला क्लबची ग्रिप काढायची, स्वतःची बसवायची, ॲलन कीने स्क्रू आवळायचा, रिअर साइट आपल्या आकड्यावर आणायची. आठ-दहा मिनिटं जायची. कोन दर वेळी तंतोतंत तोच यावा म्हणून दत्ताभाऊंनी ग्रिपवर आणि सांगाड्यावर एकमेकींसमोर दोन बारीक खुणा कोरायचं ठरवलं. सरांनी क्लबच्या सांगाड्याला हात लावू दिला नाही, मग तिथे पांढऱ्या पेनाने खूण झाली.

मार्चपासून डावीकडचे पेलेट कमी झाले. मे महिन्याच्या क्लब स्पर्धेत तिने ५११ मारले. सहा हजारांत एवढा फरक या खेळात दुसऱ्या कशानेच पडत नाही, असं माझं मत आहे.

दुसरा निर्णय: वापरलेलं पिस्तूल

मग स्वतःचं पिस्तूल घ्यायचंच कशाला? कारण ड्राय. क्लबचं पिस्तूल घरी नेता येत नव्हतं. गौरीला रेंज आठवड्यातून तीनदा मिळायची. गळीत हंगामात दत्ताभाऊंची पाळी बदलली की दोनदाच.

याच सुमारास पॅरिस ऑलिंपिक झालं. मनू भाकरची दोन कांस्यं, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं कांस्य, आणि आमच्या लेनसमोर नव्या मुलांची रांग. क्लबच्या पिस्तुलावर गौरीची वेळ आणखी कमी झाली. तुर्कस्तानच्या युसूफ दिकेचचा तो खिशात हात घातलेला फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. चुलतभाऊ तो दाखवून म्हणाला, "बघा, काही लागत नाही!" त्याच्या अंगावर विशेष काही नव्हतं हे खरं, पण हातातलं पिस्तूल पुरतं स्पर्धेचं होतं.

सप्टेंबरमध्ये दोन पिस्तुलं बघितली. पहिलं मोरिनी सीएम १६२, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं, सत्तर हजार. दिसायला कोरं. पण दोन्ही सिलिंडरची मुदत संपलेली. सिलिंडरवर बनावटीची तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनंतर ते स्पर्धेत चालत नाही. नियमाप्रमाणे ती जबाबदारी खेळाडूची. विकणाऱ्याचं म्हणणं, "हवा तर छान धरतंय." धरतही असेल. पण २०० बारचं भांडं मुलीच्या हातात द्यायचं तर 'धरतंय' एवढ्यावर भागत नाही. दोन नवे सिलिंडर धरले तर किंमत लाखाच्या जवळ जात होती. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बिघडला तर जवळपास दुरुस्त करणारं कुणी नाही, हाही मुद्दा होता. टोकियोत मनूचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तिच्या मागे अख्खा संघ आणि तंत्रज्ञ होते. आमच्या मागे मी आणि एक ॲलन की.

दुसरं पिस्तूल स्टायर एलपी १०, मेकॅनिकल ट्रिगर, एक सिलिंडर, मागितलेले ऐंशी हजार. ग्रिप मध्यम मापाची, म्हणजे गौरीला निरुपयोगी. पण तिची स्वतःची ग्रिप यावर बसत होती! सहा हजारांच्या त्या खरेदीने मॉडेल आधीच ठरवून टाकलं होतं. हे सोयीचं झालं, पण निवड मोकळी राहिली नव्हती हेही तितकंच खरं. दुसऱ्या कंपनीचं चांगलं पिस्तूल समोर आलं असतं तरी दत्ताभाऊ तिकडे वळले नसते.

तपासणी आमच्या रेंजवरच केली. वाळूच्या पिशवीवरून ग्रुप चांगला आला. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल उभं वर उचललं तर ट्रिगर सुटला, म्हणजे आधीच्या मालकाने तो नियमापेक्षा हलका करून ठेवला होता. स्क्रू फिरवून तो जागेवर आला. सिलिंडर १८० बारवर होता. त्याचा मोबाइलवर फोटो काढून पिस्तूल रात्रभर रेंजच्या कपाटात ठेवलं. सकाळी काटा १५० वर.

दत्ताभाऊंनी लगेच बाह्या सरसावल्या. "ओ-रिंग गेली असणार. कारखान्याचा बॉयलर उघडतो आपण, याला काय लागतंय?" सर म्हणाले, "दत्ताभाऊ, तुमचा बॉयलर पंचेचाळीस किलो दाबाचा. हा दोनशेचा आहे." सिलिंडर उघडू दिला नाही. या एका वाक्यावर ते हसले आणि थांबले.

गळतीमुळे सौदा अडसष्ट हजारांवर आला. दुरुस्ती पुण्याच्या जाणकाराकडे, तीन हजार. पैसे देण्याआधी तीन कागद बघितले: विक्रेत्याचं मूळ बिल, त्यावरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते, आणि हे पिस्तूल खेळाडू म्हणून आयात सवलतीत आणलेलं नाही ना याची लेखी खात्री. सवलतीत आणलेल्या शस्त्राच्या विक्रीला अटी असतात आणि तो गुंता घेणाऱ्याच्याही गळ्यात येतो. देणारा-घेणारा दोघांच्या सह्यांचा कागद केला. रक्कम दिवाळीच्या बोनसमधून आणि पतसंस्थेच्या छोट्या कर्जातून उभी राहिली. दीड लाखाचा अर्ज तसाच परत गेला.

पुढे काय झालं

पहिले दोन महिने गुण घसरले, ५११ वरून ४९८ पर्यंत. घरी कुणी बोललं नाही, पण दत्ताभाऊंचा फोन रोज यायला लागला. कारण साधं होतं. क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर वर्षानुवर्षांच्या वापराने सैल झालेला होता, या नव्या पिस्तुलाच्या ट्रिगरचा दुसरा टप्पा, म्हणजे सुटण्याआधीचा शेवटचा जोर, स्पष्ट होता. गौरी त्या टप्प्यावर थांबून, दचकून दाबत होती. सरांनी तिला तीन आठवडे टार्गेटच लावू दिलं नाही. पांढरा कोरा कागद, साइटकडे नजर, बस.

घरी दत्ताभाऊंनी मधल्या खोलीच्या भिंतीवर पांढरा रंग दिलेला प्लायवूड लावला. रोज शाळेनंतर अर्धा तास ड्राय. पिस्तूल पेटीत, पेटी कपाटात, किल्ली आईकडे, आणि पेलेटचा डबा त्या खोलीत आणायचाच नाही, हा नियम आईने घातला आणि तिनेच पाळायला लावला. एसटीने येताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, बिलाची प्रत सोबत. धाकट्या भावाने एकदा मित्रांना दाखवायचा हट्ट धरला तेव्हा आईने दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात ती ५३० च्या आसपास स्थिरावली. पावसाळ्यातल्या एका स्पर्धेत ५३८ आले. राज्य पातळीवर हे गुण डोळे दिपवणारे नाहीत. पण ग्रुप आता दर वेळी एकाच जागी पडतो, आणि सरांच्या लेखी प्रगती म्हणजे तीच.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रिपचा निर्णय आणखी आधी व्हायला हवा होता. आठवीतली मुलगी मोठ्या ग्रिपवर सहा-सात महिने मारत राहिली आणि तेवढ्यात चुकीचं धरणं अंगवळणी पडलं. ते सोडवायला तितकाच काळ गेला. क्लबने दोन पिस्तुलांसाठी लहान मापाची एक जादा ग्रिप ठेवली असती तर हा प्रश्न नऊपैकी चार मुलांचा सुटला असता. ती आता घेतली आहे.

वजनाचा विचार पुरेसा झाला नाही, असं मला वाटतं. एलपी १० साधारण एक किलोचं. याच पिस्तुलांच्या आखूड, हलक्या आवृत्त्याही येतात, त्या लहान हाताला बऱ्या. वापरलेल्यात त्या क्वचित मिळतात आणि आम्ही थांबलो नाही. गौरी चाळिसाव्या पेलेटनंतर खांदा उचलायला लागते ते अजूनही दिसतं. सरांचं मत उलटं आहे: थांबलो असतो तर दिवाळीचा बोनस दुसरीकडे खर्च झाला असता. दत्ताभाऊंच्या घरचा हिशोब पाहता सरांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

आणि खरेदीचा हिशोब अपुरा होता. पिस्तूल अडसष्ट, दुरुस्ती तीन, ग्रिप सहा, इथपर्यंत सगळ्यांनी मोजलं. चपट्या तोंडाचे स्पर्धेचे पेलेट, स्पर्धांची फी, प्रवास हे कुणी मोजलं नाही. सरावाला साधे आणि स्पर्धेला चांगले पेलेट असं वाटून घेतल्यावर ते आवाक्यात आलं. खरी चुटपुट सिलिंडरची. घेताना त्याची मुदत सव्वा वर्ष उरली होती, ते सगळ्यांना माहीत होतं, पण किंमत ठरवताना फक्त गळतीवर घासाघीस झाली. उरलेल्या मुदतीचे पैसे कुणी कापून घेतले नाहीत. आता नवा सिलिंडर मागवला आहे, आणि तो येईपर्यंत स्पर्धेच्या दिवशी गौरी क्लबचा सिलिंडर लावून मारते.